टाच मोकळी की बांधलेली? : स्कीचे शास्त्र आणि तिची कुळे

काश्मीर किंवा कुलूच्या खोऱ्यात हिवाळी सहल करून परतलेल्या मंडळींकडून हिमाच्छादित शिखरांचे वर्णन ऐकून झाले, की त्या गप्पांतून बहुधा एक शंका निघते, आणि ती शंका अगदी रास्त असते. ज्या हिमात दोन पावले टाकताच आपला पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, त्याच हिमावरून पायांना दोन लांब पट्ट्या बांधलेला एखादा पोरगा भरधाव निघून जातो, हे घडते कसे? थोडा अधिक विचार करणारा त्यापुढे जाऊन विचारतो की, उतारावरून घसरणे समजले, पण तोच पोरगा त्याच पट्ट्यांवर सपाटीवरून चालतो आणि चढणही चढतो, ते कोणत्या युक्तीने? आणि जो स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात डोकावून आलेला असतो, त्याला भिंतीला टेकून उभ्या केलेल्या लांब, आखूड, अरुंद, रुंद, सरळ आणि वाकड्या अशा नाना तऱ्हांच्या जोड्या पाहून प्रश्न पडतो की, घसरण्यासारख्या एका क्रियेसाठी एवढा पसारा कशाला?

या तीन प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने पाहू. मात्र आरंभीच एक किल्ली वाचकांच्या हाती द्यावीशी वाटते. स्कीच्या लांबीरुंदीकडे सर्वांचे लक्ष जाते. पण स्कीचा वंशवृक्ष ज्या ठिकाणी दुभंगतो ते ठिकाण माणसाच्या टाचेपाशी आहे. टाच मोकळी ठेवायची की स्कीला जखडून टाकायची, या एका निर्णयातून दोन स्वतंत्र कुळे निर्माण झाली, आणि बाकीचे भेद त्यामागून आले. या प्रकरणात आकाशातून पडून साठलेल्या भुसभुशीत पदार्थाला हिम आणि पाणी गोठून झालेल्या घट्ट पदार्थाला बर्फ म्हटले आहे. हा भेद लक्षात ठेवल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

१. हिमात पाय का रुततो

नुकत्याच पडलेल्या हिमाचा ढीग डोळ्यांना भरीव दिसत असला, तरी त्याच्या आकारमानातील नऊ दशांश किंवा त्याहूनही अधिक भाग हवेचा असतो. नाजूक स्फटिक एकमेकांवर आडवेतिडवे विसावलेले असतात, आणि त्यांच्यावर किती वजन पडले यापेक्षा ते किती जागेवर पडले यावर त्यांचे टिकणे अवलंबून असते. भर पावसाळ्यात अंगणातल्या चिखलावर आपण एक फळी टाकतो आणि तिच्यावरून निर्धास्तपणे जातो. चिखल तोच, माणूसही तोच, परंतु त्याचा भार फळीने आपल्या सर्वांगावर वाटून घेतलेला असतो.

हा हिशेब आकड्यांनी करून पाहू. ७२ किलो वजनाच्या माणसाच्या एका तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका पायावर उभे असताना प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २८८ ग्रॅम भार येतो. आता त्याच पायाखाली १८० सेंटिमीटर लांब व सरासरी ८ सेंटिमीटर रुंद स्की आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ १,४४० चौरस सेंटिमीटर भरते आणि दर चौरस सेंटिमीटरवरचा भार अवघ्या ५० ग्रॅमवर येतो. दोन्ही पायांवर उभे राहिल्यास तो २५ ग्रॅम. पहिल्या शंकेचे अर्धे उत्तर या भागाकारात आहे. यावरून हेही उघड होते की, हिम जितके ताजे व खोल, तितकी स्कीची रुंदी अधिक हवी. आणि हिम दाबून घट्ट केलेले असेल, तर रुंदीची गरज कमी होते.

२. घसरण होते ती कशामुळे

रुतणे टळले म्हणून घसरणे आपोआप साधते असे नाही. पूर्वी शाळेच्या पुस्तकांतून असे शिकवले जाई की, वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून माणूस घसरतो. आपण आताच केलेला हिशेब या स्पष्टीकरणाच्या आड येतो. बर्फाचा वितळबिंदू दाबाने केवळ एक अंश सेल्सियसने खाली आणायचा, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १३० किलो दाब लागतो. आपल्या स्कीखाली आहेत ५० ग्रॅम. प्रत्यक्षात स्की हिमकणांच्या टोकांवरच टेकते आणि तेथे दाब बराच अधिक असतो हे खरे, तरीही कडाक्याच्या थंडीतली घसरण दाबाच्या हिशेबात बसत नाही. बाउडन आणि ह्यूज या दोन शास्त्रज्ञांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांवरून दाबाऐवजी घर्षणाकडे बोट दाखवले. स्की हिमकणांच्या टोकांवर घासते, त्या घासण्यातून उष्णता निर्माण होते आणि टोकांवर अत्यंत पातळ असा पाण्याचा थर उमटतो. घर्षणच आपल्या विरुद्ध कार्याची तजवीज करते. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्याचाही हातभार लागतो.

या थराची जाडी हा मोठा नाजूक मामला आहे. हवा फार थंड असेल तर थर पुरेसा बनत नाही आणि हिम खरखरीत लागते; ऊन चढून हिम ओलसर झाले, तर पाणी अतोनात होऊन स्कीच्या तळाला चिकटून बसते. म्हणून स्कीच्या तळाला तापमानानुरूप निरनिराळी मेणे चोळण्याची कला जन्मास आली. पूर्वी नॉर्वेतील लोक लाकडी स्कींना पाइनचे डांबर पाजत; आज तळ पॉलिएथिलीनचा असतो आणि त्यावर मेण गरम इस्त्रीने मुरवतात. फ्लोरिनयुक्त मेणे अतिशय वेगवान ठरली होती. परंतु ती माती-पाण्यात वर्षानुवर्षे नष्ट न होता साठतात, या कारणास्तव आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून शर्यतींत त्यांवर बंदीचा अंमल सुरू केला, आणि ही बंदी सर्वथा योग्य झाली असे मला वाटते.

३. मॉर्गेडालचा कुळवाडी

स्कीचा इतिहास क्रीडेचा म्हणून सुरू होत नाही; तो शिकारीचा, लाकूडतोडीचा आणि प्रवासाचा आहे. रशियाच्या वायव्य भागात विस येथील दलदलीत सापडलेले स्कीचे अवशेष सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे मानले जातात, आणि त्यांपैकी एका तुकड्यावर एल्क नावाच्या मोठ्या हरणाचे मस्तक कोरलेले आहे. स्वीडनमधील काल्व्हत्रेस्क येथे १९२४ साली मिळालेली जोडी ५,००० वर्षांहून जुनी आहे. म्हणजे गाडीचे चाक फिरू लागण्यापूर्वीच उत्तरेकडील माणूस हिमावरून घसरू लागला होता.

या जुन्या स्कींचा एक प्रकार विशेष लक्षणीय आहे. नॉर्वे व स्वीडनच्या काही मुलखांत जोडीतील दोन स्की मुळी समान नसत. डाव्या पायाची स्की लांबलचक व गुळगुळीत, ती घसरण्यासाठी. उजव्या पायाची आखूड आणि तळाला प्राण्याचे कातडे लावलेली, ती रेटा देण्यासाठी. कातड्याचे केस मागच्या बाजूस वळलेले असल्यामुळे ती स्की पुढे सहज सरके, पण मागे घसरू लागताच केस उभे राहून हिमात अडकत. हातात एकच लांब काठी असे. घसरणे आणि न घसरणे ही दोन परस्परविरुद्ध कामे त्या पूर्वजांनी दोन पायांत वाटून दिली होती. हीच दोन कामे एकाच स्कीकडून कशी करून घ्यावी, हा पुढील काळातील कारागिरांचा खरा प्रश्न होता.

परंतु या सर्व प्राचीन स्कींमध्ये एक मोठे व्यंग होते. पाय स्कीला केवळ चवड्यावरून घेतलेल्या एका पट्ट्याने अडकवलेला असे. सरळ रेषेत जाताना एवढे पुरे. वळण घ्यायचे झाले किंवा उंचवट्यावरून उडी बसली, की पाय एकीकडे आणि स्की दुसरीकडे. हे व्यंग ज्याने दूर केले तो सोंद्रे नूरहाइम हा दक्षिण नॉर्वेतील टेलेमार्क परगण्याच्या मॉर्गेडाल गावचा, दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ म्हणून राबणारा गरीब शेतकरी होता. १८२५ साली जन्मलेल्या या माणसाने झाडाच्या लवचीक फांद्या व मुळ्या पिळून त्यांचा दोर केला आणि चवड्याच्या पट्ट्यापासून निघून टाचेमागून वळसा घेऊन परत येणारा एक फास तयार केला. टाच हवी तशी वर उचलता येई, पण पाय स्कीतून निसटू शकत नसे. याच्या जोडीला त्याने स्की आखूड केली आणि तिच्या दोन्ही कडा मध्यभागी किंचित आत घेऊन तिला कंबर दिली, जेणेकरून ती कलती करताच वळू लागावी.

१८६८ साली ख्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरी, भरलेल्या स्पर्धेत हा बेचाळीस वर्षांचा शेतकरी उतरला आणि राजधानीच्या तरुणांना त्याने चकित करून सोडले. एक पाय पुढे, मागचा गुडघा वाकलेला, मागची टाच उचललेली, आणि दोन्ही स्की मिळून एकच सलग वक्र होत आहे, अशा डौलात घेतलेल्या त्याच्या वळणाला आजही टेलेमार्क वळण म्हणतात. नूरहाइमच्या पदरी यातून संपत्ती आली नाही. १८८४ साली तो सहकुटुंब अमेरिकेला गेला आणि १८९७ मध्ये उत्तर डाकोटाच्या माळरानावर वारला. पुढे १९५२ साली ऑस्लोत हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा त्याची ज्योत मॉर्गेडालमधील त्याच्या घरच्या चुलीत पेटवण्यात आली. एखाद्या कुळवाड्याच्या चुलीला असा मान मिळाल्याची उदाहरणे इतिहासात थोडी असतील.

याच नव्या कसबाच्या बळावर फ्रिट्यॉफ नान्सेन याने १८८८ साली पाच सोबत्यांसह ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केले, आणि १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्ताने सारा मध्य युरोप स्कीच्या नादी लावला. १९११ च्या १४ डिसेंबरला नॉर्वेच्या आमुंडसेनची जी पाच माणसांची तुकडी दक्षिण ध्रुवावर पोहोचली, तिच्यात ओलाव्ह ब्यूलान् हा मॉर्गेडालचाच निष्णात स्कीपटू होता. त्याच वेळी त्या ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश कप्तान स्कॉटच्या तुकडीची हकीकत या संदर्भात मन विषण्ण करणारी आहे. शेवटच्या टप्प्यासाठी निवडलेल्या पाच जणांपैकी बॉवर्स या अधिकाऱ्याची स्की वाटेत मागे ठेवली गेली होती. बाकीचे चौघे स्कीवर असताना तो ध्रुवापर्यंत हिम तुडवीत पायी गेला. ध्रुवावरून परतताना ते पाचही जण मरण पावले. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु आपण पहिल्या विभागात केलेला भागाकार त्या एका माणसाला पावलोपावली सोसावा लागला, हे विसरता येत नाही.

४. मोकळ्या टाचेचे कूळ

टाच मोकळी ठेवणाऱ्या स्कींना नॉर्डिक स्की म्हणतात. यांतील मुख्य प्रकार सपाट व उंचसखल प्रदेशातून लांब पल्ला गाठण्यासाठी असतो. ही स्की अरुंद, वजनाने अगदी हलकी आणि माणसाच्या उंचीपेक्षा वीस ते तीस सेंटिमीटर लांब असते. स्वीडनमध्ये १९२२ पासून भरणाऱ्या व्हासालोपेट या ९० किलोमीटरच्या शर्यतीत हजारो सामान्य स्त्रीपुरुष अशाच स्कीवरून धावतात.

दोन पायांत वाटलेली ती दोन कामे या एका स्कीत कशी सामावली, ते जवळून पाहण्यासारखे आहे. स्की जमिनीवर ठेवून बाजूने पाहिली, तर ती सरळ नसून मध्यभागी वर उचललेली, कमानदार दिसते. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन घसरत असतो, तेव्हा कमान पूर्णपणे दबत नाही; पुढची व मागची बाजू हिमावर टेकते आणि पावलाखालचा भाग अधांतरी राहतो. तेवढ्याच भागाला चिकट मेण लावलेले असते. रेटा देण्यासाठी त्याने सारा भार एका पायावर टाकला, की कमान दबते, मेण हिमाला भिडते, हिमकणांची टोके त्यात क्षणभर रुततात आणि स्की जागच्या जागी धरून ठेवतात. भार हलताच कमान पुन्हा उठते आणि स्की मोकळी होते. विकत घेण्यापूर्वी याची पारख कागदाच्या एका चिठोऱ्याने करतात. सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर उभे राहिले असता पावलाखालील कागद सहज ओढून काढता आला पाहिजे, आणि एकाच पायावर भार देताच तोच कागद घट्ट पकडला गेला पाहिजे. पहिल्या वेळी कागद निघाला नाही, तर स्की त्या माणसासाठी फार नरम. दुसऱ्या वेळी निघाला, तर फार ताठ. हल्ली मेणाची दगदग नको असणाऱ्यांसाठी पावलाखाली खवल्यांचे नक्षीकाम केलेल्या, किंवा मोहेर लोकरीची पट्टी बसवलेल्या स्कीही मिळतात. ती पट्टी पाहिली की त्या जुन्या कातडे लावलेल्या आखूड स्कीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दुसरा प्रकार स्केटिंग पद्धतीचा. यात स्की समांतर न ठेवता आळीपाळीने बाहेरच्या दिशेला तिरपी रेटतात. अमेरिकेच्या बिल कॉख याने १९८२ च्या विश्वचषकात या रीतीने यश मिळवल्यावर जुन्या पद्धतीचे धावपटू मागे पडू लागले, आणि अखेर नियंत्यांना दोन्ही पद्धतींच्या शर्यती वेगळ्या कराव्या लागल्या. ही स्की थोडी आखूड व अधिक ताठ असते. तिला चिकट मेणाची गरज नाही, कारण रेटा कडेने दिला जातो.

स्की-उडीची स्कीही याच कुळातली, जरी तिचे रूप सर्वांत राक्षसी असले तरी. ती खेळाडूच्या उंचीच्या १४५ टक्के इतकी लांब असू शकते. १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी जवळजवळ २५४ सेंटिमीटर. वजन कमी असेल तर लांबीही कमी करावी लागते, कारण हलक्या देहाला हवा अधिक काळ धरून ठेवते, आणि त्या लोभाने खेळाडूंनी उपासमार करून घेऊ नये असा नियमामागील हेतू आहे. स्वीडनचा यान बोकलव्ह हवेत असताना स्कीची पुढची टोके फाकवू लागला, तेव्हा परीक्षक त्याचे शैलीचे गुण कापत. तरीही १९८८-८९ चा विश्वचषक त्याने जिंकला, आणि काही वर्षांतच सारे जग त्याच्या पद्धतीने उडू लागले.

५. टाच बांधली गेली

आल्प्स पर्वताचे उतार नॉर्वेतील टेकड्यांपेक्षा कितीतरी तीव्र आहेत. नान्सेनचे पुस्तक वाचून नॉर्वेहून स्की मागवणाऱ्या माथियास झदार्स्की या ऑस्ट्रियन गृहस्थाला लिलियनफेल्ड गावच्या डोंगरावर हे लवकरच उमगले. त्याने स्की आखूड केली, पाय घट्ट धरणारे धातूचे बाइंडिंग, म्हणजे पाय स्कीला अडकवण्याचे साधन, घडवले आणि १८९६ च्या सुमारास आपल्या तंत्राचे पुस्तक लिहिले. उतरणे हेच ध्येय ठरल्यावर टाच उचलण्याचे प्रयोजन उरत नाही. उलट टाच पक्की असेल तर पायाची बारीकशी हालचालही तत्काळ स्कीपर्यंत पोहोचते. मात्र बांधलेल्या टाचेने डोंगर चढणे जिकिरीचे असते, आणि म्हणून १९३६ साली अमेरिकेतील सन व्हॅली येथे पहिली खुर्च्यांची उचलगाडी सुरू झाली, तेव्हाच या कुळाचा खऱ्या अर्थाने विस्तार झाला. चढण्याचे काम यंत्राने पत्करले.

उतरण्याच्या या विद्येला शर्यतीचे रूप देणाऱ्या अर्नोल्ड लन याचा जन्म १८८८ साली आपल्या मद्रासेत झाला होता. त्याचे वडील तेव्हा वैद्यकीय मिशनरी म्हणून हिंदुस्थानात होते. लनने १९२२ साली स्वित्झर्लंडमधील म्यूरेन येथे आधुनिक स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या दारांतून वळत वळत कमीत कमी वेळात उतरण्याची शर्यत, प्रथम भरवली. १९२४ च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीचे केवळ नॉर्डिक प्रकार होते. बांधलेल्या टाचेच्या, म्हणजे आल्पाइन, शर्यतींना १९३६ पर्यंत थांबावे लागले.

दोन सुधारणा या कुळाचा कणा ठरल्या. साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनरने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लाकडी स्कीच्या कडांना पोलादी पट्ट्या ठोकल्या, त्यामुळे टणक बर्फावरही कड धरून राहू लागली. दुसरी सुधारणा अपघातातून आली. टाच बांधल्यामुळे पडताना स्की तरफेसारखी काम करून नडगीचे हाड पिळून मोडी. यल्मार व्हाम या नॉर्वेजियन-अमेरिकन स्कीपटूने १९३७ साली स्वतःचा पाय मोडल्यावर, ठरावीक मर्यादेपलीकडे ताण येताच आपोआप सुटणारे बाइंडिंग शोधून काढले. आजच्या बाइंडिंगमध्ये बुटाचे टोक आधी पुढच्या जबड्यात घालायचे आणि मग टाच खाली दाबायची. ‘खट्’ असा आवाज झाला म्हणजे पाय बसला. बाइंडिंगच्या पाठीवर एक लहानशी आकड्यांची पट्टी असते, आणि किती ताणाला पाय सुटावा ते तिच्यावरून ठरते. माझ्या मते साऱ्या स्कीविद्येत माणसाची एवढी काळजी वाहणारा दुसरा शोध नाही.

६. कंबर आणि वळण

आता भाड्याच्या दुकानातील त्या पसाऱ्याकडे वळू. आल्पाइन स्की टेबलावर कडेवर उभी धरली, तर तिची दोन टोके टेकतात आणि मधे एक फट राहते. कारण स्की टोकांशी रुंद व मधे अरुंद असते. ही फटच वळणाचे माप सांगते. टेकलेल्या दोन बिंदूंमधील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला फटीच्या आठपटीने भागावे, की ज्या वर्तुळावरून स्की वळू पाहील त्याची त्रिज्या मिळते. जुन्या धाटणीच्या एका स्कीत अंतर १.८ मीटर आणि फट साडेसात मिलिमीटर असेल, तर त्रिज्या ५४ मीटर येते. नव्या धाटणीच्या स्कीत अंतर १.६ मीटर आणि फट १८ मिलिमीटर असेल, तर ती सुमारे १८ मीटर भरते. शिवाय स्की जितकी कलती करावी तितके वर्तुळ आणखी लहान होते. ६० अंश कलली तर त्रिज्या निम्म्यावर येते.

म्हणजे पूर्वी वळण घेण्यासाठी स्कीची शेपटी बळाने बाजूला ढकलावी लागे. नव्या स्कीला केवळ कलवले की ती आपल्याच कडेवरून कोरत कोरत वळते. या रीतीला कार्व्हिंग म्हणतात. ठळक कंबरेची ही स्की स्लोव्हेनियातील एलान कारखान्यात यूरी फ्रांको व पावेल श्कोफिच यांनी घडवली आणि १९९३ च्या सुमारास ती बाजारात आली. दहा वर्षांच्या आत सरळ स्की जवळजवळ अदृश्य झाल्या. नूरहाइमने दिलेली कंबर सव्वाशे वर्षांनी अशी पूर्णत्वास गेली.

शर्यतीच्या स्कींचे नियम याच मापांवर उभारलेले आहेत. वारंवार वळावे लागणाऱ्या स्लॅलमसाठी पुरुषांची स्की किमान १६५ सेंटिमीटर, त्याहून मोठ्या वळणांच्या जायंट स्लॅलमसाठी १९३ सेंटिमीटर व किमान ३० मीटर त्रिज्येची, आणि सुसाट उतरण्याच्या डाउनहिलसाठी २१८ सेंटिमीटर व ५० मीटर त्रिज्येची. डाउनहिलमध्ये २०१३ साली वेंगेन येथे ताशी १६१.९ किलोमीटर वेग नोंदला गेला आहे. अशा वेगात चटकन वळणारी स्की प्राणघातक ठरेल; म्हणूनच त्रिज्या मुद्दाम मोठी ठेवली आहे.

कंबरेची रुंदीही ध्यानात घ्यावी. दाबून सपाट केलेल्या मार्गावर ६५ ते ८० मिलिमीटर, मिश्र हिमासाठी ८० ते १००, आणि खोल ताज्या हिमासाठी ११० च्या पुढे, असा साधारण तपशील आहे. खोल हिमाच्या स्कीत आणखी एक उलटापालट झाली. पाण्यावरच्या स्कीचा तळ पाहून अमेरिकेच्या शेन मकॉन्की याला सुचले की, कमान उलटी केली, म्हणजे टोके वर आणि मध्य खाली ठेवला, तर स्कीचे तोंड हिमात बुडणार नाही. या शतकाच्या आरंभी त्याच्या कल्पनेतून आलेली स्की विचित्र दिसत असे. आज तिचा हा उलटा वाक, ज्याला रॉकर म्हणतात, थोड्याफार प्रमाणात बहुतेक सर्व स्कींत आढळतो. दोन्ही टोके वर वळलेली जोडी कसरतीसाठी असते. तिच्यावरून पाठमोरेही उतरता येते.

राहता राहिली गिरिभ्रमणाची स्की, जिच्यात दोन्ही कुळांचा संगम आहे. चढताना टाच मोकळी, उतरताना टाच बंद. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेलने १९८० च्या दशकात बुटाच्या टोकाला दोन खिळ्यांनी धरणारे हलके बाइंडिंग काढले. चढणीसाठी स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात आणि माथ्यावर पोहोचल्यावर सोलून खिशात ठेवतात. या प्रकारच्या शर्यतींचा समावेश २०२६ च्या मिलानो-कोर्तिना ऑलिंपिकच्या कार्यक्रमात करण्यात आला. हिमालयात उचलगाड्या मूठभर आणि डोंगर अपरंपार असल्यामुळे, आपल्याकडे खरे भवितव्य याच स्कीला आहे असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

७. आपल्या हिमालयात

भारतात या विद्येने पाय रोवला तो गुलमर्गला. १९२७ साली तेथे इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया स्थापला, आणि १९४८ साली लष्कराने तेथेच स्कीची शाळा काढली, जिच्यातून पुढे उच्च पर्वतीय युद्धकलेचे विद्यालय उभे राहिले. गुलमर्गच्या गोंडोला नावाच्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये व दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, ३,९०० मीटरांच्या वर नेऊन सोडतो. गढवालमधील औलीचे उतार नवशिक्यास अधिक सौम्य आहेत. मात्र जोशीमठाची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तेथील रज्जुमार्ग बंद करावा लागला. मनालीजवळचे सोलंग हे तिसरे प्रमुख ठिकाण, आणि मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत रीतसर शिक्षणाची सोय आहे. त्याच परिसरातील आँचल ठाकूर हिने २०१८ साली तुर्कस्तानात स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळवले, आणि गुलमर्गजवळचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला.

महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या वाचकांस दोन गोष्टी कळकळीने सांगावयाच्या आहेत. पहिली अशी की, अफरवटच्या वरच्या उतारांचा बहुतेक भाग दाबून तयार केलेला नाही आणि तेथे हिमस्खलने होतात; फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन परदेशी स्कीपटू तेथे दगावले. स्थानिक गस्तीदलाची त्या दिवसाची सूचना विचारल्याशिवाय आणि जाणता वाटाड्या बरोबर असल्याशिवाय आखलेल्या मार्गाबाहेर पाऊल टाकू नये. दुसरी गोष्ट भाड्याच्या जोडीविषयी. नवशिक्याने हनुवटीच्या उंचीची, कंबरेशी ७० ते ८० मिलिमीटरची, नरम स्की मागावी. लांब व रुंद जोडी मिरवण्याचा मोह टाळावा. बाइंडिंगवरचा आकडा तुमचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो, आणि तुमच्या आधी ती जोडी वापरून गेलेल्या माणसाचा आकडा तुमच्या नडगीच्या उपयोगाचा नसतो. दुकानदाराने विचारले नाही, तर हा सारा तपशील आपण होऊन खरा खरा सांगा, आणि आकडा आपल्या डोळ्यांदेखत लावून घेतल्यावरच बुटाची टाच खाली दाबा.